बैलांचे सामान

सरकारला अक्कल शिकवायची असते कशी, हे दाखवायलाच मी धुळ्याला गेलो होतो. आधीच सांगून ठेवतो.

एक हुकूम निघाला होता. कोणत्या खात्याचा ते सांगत नाही. सगळी खाती एकाच शाईने लिहितात. ‘कारागिरांनी स्वतःच्या बुद्धीने नवीन औजारे करून धुळ्याच्या प्रदर्शनात आणावीत. सरकार उत्तेजन देईल.’ मी शिरपुराकडचा सुतार. बुद्धी माझ्याकडे पडूनच होती.

आमच्याकडे कपाशी पेरताना गडी पाभर हाकतो आणि बाई मागून वाकून चालत नळीत सरकी सोडते. माझी बायको तानुबाई दरसाल पंधरा दिवस लोकांच्या शेतात अशी चालते आणि पुढे महिनाभर सरळ होत नाही. म्हणून मी पाभरीवर एक भांडं बसवलं आणि त्याखाली खाचा पाडलेलं लाकडी चाक. बैल चालले की चाक फिरणार, सरकी आपली आपण पडणार. भांडं म्हणजे तानुबाईचं अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ. बुडाला भोक मी पाडलं.

“मना मायनी दिधेल घंगाळ शे ते,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

“बक्षीस मिळालं की नवं आणतो. आणि तुझं वाकणं कायमचं बंद.”

“नई मिळनं ते?”

“तर या घरात मी अंघोळ करणार नाही.”

शेजारच्या भिकनची बैलजोडी मागून घेतली. बैलांबरोबर भिकन फुकट आला. धुळ्यात पोचल्यावर पाभर, बैल आणि तानुबाई यांना मैदानात उभं करून मी भिकनला घेऊन कारकुनाच्या तंबूत गेलो.

“औजार कशासारखं आहे?” कारकुनाने विचारलं.

“कशासारखंच नाही. नवीन आहे.”

“यादीत आहे का?”

“यादीत असतं तर नवीन कसं असतं?”

“आणि यादीत नाही तर ते औजार आहे कशावरून?” त्याने नियम वाचून दाखवला. नवीन औजार तालुक्यात तीन वर्षं वापरात असल्याचा पाटलाचा दाखला पाहिजे.

“रावसाहेब, तीन वर्षं वापरलेलं नवीन असतं का?”

“हे मला विचारू नका. मी नियम केले नाहीत, मी फक्त पाळतो.” मग त्याला माझी दया आली. मला त्या दयेचा अजून राग येतो. “बरोबर बैल आहेत ना? बैल यादीत आहेत. बैलांत नाव घालतो. तुमचं यंत्र ‘बैलांचे सामान’ म्हणून दाखवू. मालकाचं नाव?”

“भिकन,” भिकन पटकन म्हणाला.

मी भांडलो. शेवटी प्रदर्शनाचे साहेब यंत्राने पेरलेली एक ओळ पाहतील, इतकं कबूल करून घेतलं आणि बाहेर आलो. बाहेर पाभरीपुढे बायांची रांग लागली होती.

नव्या औजाराने पहिली ओळ धरायच्या आधी त्याची पूजा करायची, ही आमच्याकडची रीत. तानुबाईने नेमाने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी घंगाळात सोडलं. ते पाहून मैदानातल्या बायांना वाटलं, प्रदर्शनातलं देवस्थान हेच. घंगाळात सरकी वरून दिसेना. तांदूळ, झेंडू, करवंट्या, आणि कोणा एकीने वाहिलेलं केळं.

“हे काय केलंस?”

“बठ्ठ्या बाया पाया पडन्यात,” तानुबाई म्हणाली. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

उपसायला हात घातला तोच साहेब आले. बैल चालले. पहिल्या दहा पावलांत नळीतून कुंकवाचा लगदा पडला. मग केळं. मग करवंटी चाकात शिरली आणि डुक्कर कापतात तसा आवाज सुरू झाला. लोक पळाले, साहेबांचं घोडं उधळलं, चाकाचे तीन तुकडे झाले. माझ्या बुद्धीचे किती झाले ते मोजलं नाही.

भिकनचे बैल मात्र त्या सगळ्या गोंधळात रवंथ करत उभे होते.

“काय शांत जोडी आहे,” साहेब म्हणाले. “अशा जनावरांना उत्तेजन मिळालंच पाहिजे.”

संध्याकाळी पहिलं बक्षीस पुकारलं. भिकनच्या बैलांना एक मोठं, नवंकोरं, तांब्याचं घंगाळ.

परतीच्या वाटेवर मी लाज गुंडाळून विचारलं, “भिकन, ते घंगाळ आमच्या घरी...”

“नई रे भाऊ. बैलस्ले पानी पाजाले कामे ई. त्यास्नंच शे ते.”

 मृगात तानुबाई पुन्हा लोकांच्या पाभरीमागे वाकून गेली, आणि जाताना फक्त माझ्या शपथेची मला आठवण करून दिली.

तेव्हापासून मी भिकनच्या गोठ्यात, त्याच घंगाळातून अंघोळ करतो. बैलांचं पाणी पिऊन झाल्यावर.