मर्व्हिनचा बिग ब्लॉक

प्रश्न तसा साधाच होता. बोटीत इंजिन लहान बसवायचं की मोठं?

साध्या माणसानं असल्या प्रश्नाचं उत्तर गॅरेजवाल्याला विचारलं असतं आणि घरी येऊन जेवला असता. पण मर्व्हिन टॅपली आयुष्यभर जेराल्डिन गावातल्या रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून दुसऱ्यांच्या भिंतींचे निर्णय घेत आला होता. "एवढा भडक नका घेऊ, महिन्याभरात डोळ्यांना टोचेल," असं तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा आणि गिऱ्हाइकं ऐकायचीसुद्धा. त्याला स्वतःला समजावायची वेळ आली तेव्हा मात्र काउंटरमागे कोणीच नव्हतं.

त्याची जेट बोट जुनी होती. जेट बोटीला खाली पंखा नसतो. ती पोटाखालचं पाणी ओढते, मागून जोरानं फेकते आणि त्या धक्क्यावर पळते. आमच्याकडच्या नद्यांना दुसरं काही चालतच नाही. गोट्यांचं एवढं रुंद पात्र, आणि त्यात पाणी म्हणजे सुटलेल्या वेणीसारख्या इकडेतिकडे गेलेल्या बारीक धारा. बोट एकदा वेगात पाण्यावर उठली की वीतभर पाण्यावरूनही सरसरत जाते. वेग गेला की खाली बसते, आणि बसली की बसली.

तर त्या ऑक्टोबरात बोटीतलं स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान जातीचं इंजिन निळा धूर ओकायला लागलं.

"दुरुस्त करून टाक," नोलीन म्हणाली. नोलीन म्हणजे त्याची बायको. "गॅरेजवाला आठवड्यात देतो म्हणालाय. नोव्हेंबरात आईला वर न्यायचंय."

आई म्हणजे एफी, मर्व्हिनची सासू. लग्न होऊन आल्यावर एफीनं पहिली काही वर्षं नदीच्या पार वरच्या अंगाला, मेंढ्या हाकणाऱ्या गड्यांच्या झोपडीत स्वयंपाक केला होता. तिथला रस्ता पुरानं केव्हाच खाल्ला होता. आता नव्वदी ओलांडल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली होती. "मला एकदा ती चूल बघायचीय. बाकी काही नको."

इतकं सगळं ठरलेलं होतं. पण रविवारी नोलीनचा भाऊ बेव्हन चहाला आला.

"स्मॉल ब्लॉक?" बेव्हन बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "चार माणसं, जेवण, वर आईची घडीची खुर्ची. मधेच दम तोडेल ते. मोठं इंजिन, बिग ब्लॉक घाल, मर्व्ह. एकदाच घाल, पण दणदणीत घाल." (बेव्हनकडे बोट नव्हती. त्याला पोहताही येत नव्हतं. पण तो बोलायचा मात्र असा, की जणू नदी त्याला विचारून वाहते.)

शेजारचा रेवी शाळेची बस चालवायचा, आणि त्याची स्वतःची जेट बोट होती. त्याला कुंपणावरून विचारलं तर तो म्हणाला, "मोठं इंजिन खोल पाण्यात छान. आपल्या उथळ पाण्यात बोट हलकी हवी रे. ते धूड मागं ठेवलंस की बोटीच्या शेपटाला म्हैस बांधल्यासारखं होतं. अर्थात बोट तुझी आहे."

हे सगळं मर्व्हिनला पटलं. पटलं, आणि दुसऱ्याच शनिवारी बोट क्लबात कोणीतरी आपलं बिग ब्लॉक चालू केलं. तो आवाज कानाला नाही, छातीला ऐकू आला. मर्व्हिनच्या हातातल्या कपातला चहा आपोआप हलला. इतक्या वर्षांत त्याच्या कुठल्याही निर्णयानं कधी काही हललं नव्हतं.

त्यानं बिग ब्लॉक घेतलं.

जुनं इंजिन घरच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं होतं. "तुला नको असेल तर मी नेतो," रेवी म्हणाला, आणि हातगाडीवर घालून घेऊन गेला.

नवं इंजिन बोटीत बसेना. खालची बैठक कापून नवी करावी लागली. ती केली तर वरचं झाकण लागेना. झाकण उंच केलं तर मागची सीट काढावी लागली. यात नोव्हेंबर गेला. (आमच्याकडे ऋतू उलटे, नोव्हेंबरात वसंत आणि फेब्रुवारीत भर उन्हाळा.) नदी काठोकाठ भरून वाहत होती, वर डोंगरात बर्फ वितळत होतं, आणि मर्व्हिन गॅरेजात बोटीच्या पोटात डोकं घालून होता.

"मागची सीट काढलीस? मग आई कुठं बसणार?" नोलीननं विचारलं.

"पुढं. माझ्या शेजारी. तू आणि बेव्हन झाकणावर. गादी टाकतो ना."

"म्हणजे मी इंजिनावर बसायचं."

"ऊबदार असतं," मर्व्हिन म्हणाला. त्यानंतर नोलीन दोन दिवस त्याच्याशी फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलली.

मधूनमधून एफीचा फोन यायचा. "मर्व्हिन, झाली का रे बोट?"

"पुढच्या आठवड्यात नक्की, एफी."

"बरं. सावकाश कर. मी काही कुठं जात नाही."

डिसेंबर गेला, ख्रिसमस गेला. बोट तयार झाली तेव्हा फेब्रुवारी लागला होता, आणि उन्हाळ्यानं नदीच्या धारा वाळत घातलेल्या दोऱ्यांसारख्या झाल्या होत्या.

तरी ते निघाले. नोलीननं जेवणासाठी अंडी आणि बेकन भरलेली मोठी पाय-पेस्ट्री भाजून घेतली होती. एफी लाइफ जॅकेटवर मोत्यांची माळ घालून आली होती आणि डोक्यावर निळी टोपी होती. मर्व्हिननं चावी फिरवली. काठावरची बदकं उडाली.

"हा कसला आवाज?" एफीनं ओरडून विचारलं.

"ताकद," मर्व्हिन ओरडला.

"ती कमी नाही का करता येत?"

पहिला टप्पा खरंच देखणा झाला. पाणी खोल होतं, बोट बाणासारखी सुटली, मर्व्हिनच्या चेहऱ्यावर वारा होता आणि आपण योग्य तेच केलं असं त्याला वाटत होतं. (हे वाटणं किती वेळ टिकलं ते न सांगितलेलं बरं.) मग वळण आलं, पात्र पसरलं, पाणी उथळ झालं, आणि नेमकी तिथंच एफीची टोपी उडाली.

"आईची टोपी," नोलीन मागून ओरडली.

उथळ पाण्यात काहीही झालं तरी वेगाच्या पेडलवरून पाय काढायचा नाही, हे जेट बोटीत बसणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. मर्व्हिननं इतरांना ते कितीदा तरी शिकवलं होतं. त्यानं टोपीकडे वळून पाहिलं आणि पाय काढला.

बोटीचं शेपूट खाली गेलं. खालून खरखर आली, आणि गोट्यांवर बोट बसली. मर्व्हिननं वेग वाढवला, तेव्हा इंजिननं पाण्याऐवजी खडी ओढली. बेव्हन तोवर ढकलायला म्हणून उतरून मागं उभा राहिला होता. ओढलेली सगळी खडी त्याच्या अंगावर आली. मग इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.

सगळीकडे शांत झालं.

"पोचलो का?" एफीनं विचारलं.

"नाही, आई," नोलीन म्हणाली.

मर्व्हिन, बेव्हन आणि नोलीन तिघांनी मिळून ढकललं. बोट हलायलाच तयार नव्हती.

"लहान इंजिन असतं तर निघाली असती," बेव्हन कानातून वाळू काढत म्हणाला.

मर्व्हिन त्याच्याकडे वळला. "मोठं घाल म्हणून तूच म्हणालास."

"मी सुचवलं. घेतलंस तू."

मग खालच्या अंगानं आवाज आला. मर्व्हिननं तो लगेच ओळखला, कारण आपल्या घरचाच आवाज होता तो. त्याचंच जुनं स्मॉल ब्लॉक दुरुस्त होऊन, रेवीच्या बोटीत बसून, धूर न ओकता, घोटाभर पाण्यावरून हसतखेळत येत होतं. रेवीनं बाजूच्या धारेत बोट थांबवली. त्याच्या हातात निळी टोपी होती.

"माझ्या बोटीत तिघं येतील," तो म्हणाला. "दाटीवाटीनं चौघं. बोट राहू दे इथंच, मर्व्ह. येताना काढू."

मर्व्हिननं वर पाहिलं. डोंगरापलीकडे ढगांची कमान दिसत होती. ही कमान म्हणजे वायव्येचा वारा, आणि तो सुटला की वर पाऊस पडतो आणि नदी बघता बघता चढते.

"नदी चढली तर वाहून जाईल," तो म्हणाला. "इंजिन नवं आहे. मी थांबतो."

"चल रे," नोलीन म्हणाली. "आई तुझ्याच बोटीतून जायला निघाली होती."

"जा तुम्ही. मी आहे इथं."

एफीनं टोपी डोक्यावर दाबून बसवली. रेवीनं तिला अलगद उचलून आपल्या बोटीत ठेवलं. तिनं वळून मर्व्हिनकडे हात केला, आणि बोट वळणाआड गेली.

मर्व्हिन दिवसभर गोट्यांवर बसला. चिलटांनी त्याच्या घोट्यांचा समाचार घेतला. पाय-पेस्ट्री रेवीच्या बोटीतून गेली होती, सॉसची बाटली मात्र मागं राहिली होती. दुपारी त्यानं थोडा सॉस खाऊन पाहिला. नदी चढली नाही. ढग तसेच उभे राहिले आणि पाऊस दुसऱ्याच खोऱ्यात पडला.

संध्याकाळी सगळे परतले तेव्हा एफीचे गाल लाल झाले होते आणि हाताला काजळी होती. "चूल आहे तिथंच," ती मर्व्हिनला म्हणाली, आणि पुढं काही सांगायच्या आत तिला झोप लागली.

बाकीचं त्याला तुकड्या-तुकड्यानं कळलं. एफीनं चूल स्वतः पेटवली म्हणे. त्यावर छोटी छोटी गोड धिरडी घातली म्हणे, आणि त्या काळच्या गड्यांना देत असे तशी सगळ्यांना एक शिवीही दिली. मग म्हाताऱ्याबद्दल, म्हणजे नवऱ्याबद्दल, असं काही सांगितलं की बेव्हन बाहेर जाऊन उभा राहिला.

"काय सांगितलं?" मर्व्हिननं विचारलं.

"ते तसं सांगता येत नाही रे," नोलीन म्हणाली. "तिथं बसून ऐकायला हवं होतं. तुला आठवतंय ना तिचा तो आवाज..." आणि मग ती थांबली. "हो. तू नव्हतासच."

असं घरात वरचेवर व्हायला लागलं. शेवटी मर्व्हिन स्वतः एफीकडे गेला.

"मला सांगा ना तिकडचं," तो म्हणाला.

"सांगितलं की सगळं," एफी म्हणाली. "रेवीला विचार. त्यानं छान ऐकलं."

"परत जाऊ आपण. मी लहान इंजिन घालतो."

"घाल," एफी म्हणाली आणि त्याच्या हातावर थोपटलं.

त्यानं इंजिन बदललं. ते मे महिन्यात झालं, आणि जूनमध्ये, हिवाळ्यातलं पहिलं मोठं दहिवर पडलं त्या आठवड्यात, एफी गेली.

बोट अजून गॅरेजात आहे. ती हलकी आहे, चांगली चालते. मर्व्हिन कधी कधी जाऊन तिच्यात बसतो. वाहून गेली असती तर गेली असती, असं तो स्वतःशी म्हणतो. एवढं साधं वाक्य त्या दिवशी त्याला गोट्यांवर उभं राहून सुचलं नव्हतं.

एफीच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. टेबलावर एफीचा मोठा फोटो ठेवला होता. तो नोलीननंच काढलेला होता. झोपडीच्या दारात एफी तोंडभर हसत उभी होती. एका बाजूला बेव्हन होता, आणि दुसऱ्या बाजूला तिचा कोपर धरून रेवी.

टिमारूहून एफीची एक जुनी मैत्रीण आली होती, काठी टेकत. तिनं फोटो पाहिला, मग हॉलमध्ये नजर फिरवली आणि सरळ जाऊन रेवीचा हात दोन्ही हातांत धरला.

"फोनवर सांगायची मला," ती म्हणाली. "जावयानं शेवटी चूल दाखवली म्हणून. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणायची. मुलासारखं केलंत तुम्ही तिचं."

रेवीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मर्व्हिनकडे पाहिलं. मर्व्हिन शेजारीच काळा कोट घालून, हातात ट्रे घेऊन उभा होता. त्यानं मान हलवून नको म्हटलं.

म्हातारीनं रेवीचा हात सोडला आणि मर्व्हिनच्या ट्रेमध्ये डोकावून पाहिलं.

"अंड्याचे सँडविच संपले वाटतं," ती त्याला म्हणाली. "आत असतील तर बघता का जरा? आणि या साहेबांनाही आणा."

"आणतो," मर्व्हिन म्हणाला, आणि दोघांसाठी घेऊन आला.