राणी रंग आणि आप्पांचं धोतर

नवं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवून योगराज जेमतेम पाठ सरळ करतोय, तोच मागून त्याच्या आईनं, धुरपदाबाईंनी विचारलं, "भाऊ, आते तरी राणी दिखस का?"

राणी म्हणजे राणी रंग. पर्वत पाटिया वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत गेले काही महिने दुसरा विषयच नव्हता. योगराज कांतिशेठच्या साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचा आणि स्क्रीनवर राणी दिसणारा रंग मिलमधून छापून आला की वांगी निघायचा. दोनदा असं झाल्यावर शेठनं अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, की पुन्हा वांगी आला तर काम ब्रशनं कागदावर डिझाइनं काढणाऱ्यांकडे परत जाईल. शेठ ओरडला असता तर योगराजला बरं वाटलं असतं.

दोष जुन्या ग्राफिक्स कार्डाचा होता. रिंग रोडवरच्या दुकानदारानं एक स्वस्तातलं कार्ड दाखवलं, ते फक्त हिशेब ठेवणाऱ्यांच्या कामाचं. एक महागडं होतं, ते गेम खेळणाऱ्या लाडावलेल्या पोरांचं. राहिलं मधलं. ते त्यानं दोन दिवस वापरून बघायला दिलं. शेठला रंग पटला तर कार्ड शेठच घेऊन देणार होता.

योगराजनं जुनं कार्ड मुद्दाम आतच ठेवलं. मागची मॉनिटरची केबल जुन्यातून काढून नव्यात लावायची आणि फरक बघायचा, असा साधा बेत. फरक दिसलाही. शेठनं दिलेला राणी रंगाचा कापडाचा तुकडा त्यानं स्क्रीनला लावला, तर दोन्ही एक. त्याला हायसं वाटलं. आता शांतपणे चित्र लहानमोठं करून बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण त्या घरात शांतपणे दाढीसुद्धा करता येत नसे.

शेजारचा दगामामा स्टूल ओढून केव्हाच बसला होता. मामा कडोदऱ्याच्या कारखान्यात मागावर सांधणीचं काम करायचा. ताणा संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला बांधायचा, आणि ज्याचा धागा त्यालाच गेला पाहिजे. आज सुट्टी होती, त्यामुळे मामा सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होता.

तेवढ्यात कांतिशेठ आला. स्क्रीनकडे बघून त्यानं नाक मुरडलं. "योगराज, ट्यूबलाईटमां कलर जोवाय? कलर तो दिवसना अजवाळामां जोवाय. बाहर लाव."

"शेठ, दिवसाच्या उजेडात बघायला हे कापड नाहीये. कॉम्प्युटर आहे."

"कलर तो कलर छे ने?"

शेठ म्हणजे कापड बाजारात जन्म गेलेला माणूस. योगराजनं दात-ओठ खात केबली काढल्या. त्यानं मॉनिटर उचलला, मामानं कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि सगळी वरात भर मे महिन्यात ओट्यावर आली. योगराज विजेची वायर जोडायला आत गेला, तोवर मामानं मागचं सगळं जोडूनही टाकलं.

उन्हात स्क्रीन कोरी करकरीत. राणी नाही, वांगी नाही, काहीच नाही. शेठचं फक्त तोंड दिसत होतं.

"सावली करू का?" म्हणत धुरपदाबाईंनी दोरीवरचं आपलं हिरवं लुगडं आणून टाकलं. आता सगळं हिरवं. योगराजला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग आईनं आप्पांचं, म्हणजे योगराजच्या वडिलांचं, पांढरं धोतर आणलं. धोतराच्या आत शेठ, मामा आणि आई अशी तीन डोकी गेली. बाहेर रस्त्यावर लोक थांबून बघू लागले. त्या गर्दीत योगराजला स्वतःच्या कॉम्प्युटरपाशी जागा मिळेना.

घामानं निथळत शेठ बाहेर आला. "हां! नवा कार्डनी वात ज जुदी. काले पार्टनरने लावीश, पछी छपाई."

उद्या भागीदाराला रंग दाखवायचा आणि मग छपाई, असं ठरवून शेठ गेला. योगराज आनंदात केबल काढायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. केबल जुन्या कार्डात होती.

"मामा, ही इथं कुणी लावली?"

"मी. तू सकाळे भलत्याच जागावर लाई व्हती. मी जुनी जागावर सांधी दिन्ही."

मामाच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शेठनं घामाघूम होऊन जो रंग पास केला, तो वांगी करणाऱ्या कार्डाचा होता! योगराजनं चडफडत केबल नव्या कार्डात लावली, स्क्रू घट्ट पिळले आणि मामाला शपथ घातली की पुन्हा हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ भागीदाराला घेऊन आला. स्क्रीनवर राणी रंग झळकत होता, कापडाच्या तुकड्याशी तंतोतंत. शेठनं मान हलवली. "ना. काल जेवो नथी."

"शेठ, कालच्यासारखा नाही, पण आजचाच खरा आहे! काल केबल…"

"मारी आंख छे, योगराज. पेलो कालनो कपडो क्यां छे?"

योगराजनं आईकडे बघितलं. आप्पा नुकतेच अंघोळ करून पंचा गुंडाळून उभे होते आणि दोरीवरच्या धोतराला हात घालत होते. धुरपदाबाईंनी ते त्यांच्या हातातून ओढलं आणि खोलीतच मॉनिटरवर टाकलं. शेठ आणि भागीदार धोतराच्या आत शिरले.

"आ! आ बराबर छे!"

साड्या छापून आल्या. राणी राणीच निघाला. कार्ड घरात राहिलं, काम टिकलं, आणि शेठनं बाजारात सांगितलं की योगराजकडे रंग बघायचा खास कपडा आहे.

मिलमधून घरी बसवल्यापासून आप्पा फारसे बोलत नसत. साड्या आल्या त्या दिवशी मात्र ते पंच्यावरच दारात येऊन उभे राहिले.

"मन्हं धोतर कोठे शे?"

"ते आते शेठकडे कामले लागनं," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि घडी करून ते मॉनिटरवर ठेवून दिलं.