सुदामअण्णांचा राहिलेला ठिपका

आमचे सुदामअण्णा भाजी आणायला स्कूटरवरून निघाले की वाटेत तीन ठिकाणी हॉर्न वाजवतात, आणि तिन्ही ठिकाणी समोर चिटपाखरूही नसतं. विचारलं तर म्हणतात, "हितं मागं एकदा कुनीतरी पडलंय, भाऊसाहेब." मी निवृत्त तलाठी, म्हणून भाऊसाहेब. निवृत्त तलाठ्याला गावात कुत्रं विचारत नाही, अण्णा विचारतात, म्हणून मी त्यांचं ऐकून घेतो.

अण्णा मूळचे राहुरीचे. पोहायला शिकले मुळेच्या कालव्यात आणि पुढे तीस वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी होते. आता घरबसल्या एका कंपनीचं काम करतात. हल्ली जहाजं कागदी नकाशा बघत नाहीत, स्क्रीनवरचा बघतात. कोणतं जहाज कुठे रुतलं, कुठे धडकलं, याचे जुने अहवाल वाचून अण्णा त्या नकाशावर लाल ठिपके देतात. दुसरं जहाज तिथे जवळ आलं की स्क्रीन आधीच बोंब मारते.

"पानी सोताहून काय सांगत न्हाई," अण्णा म्हणतात. "मागं कोन बुडलं ते मानसानंच सांगाया लागतं." समुद्र इथून कुठच्या कुठे, पण अण्णांच्या बैठकीत रोज दोन-चार जहाजं बुडतात. फक्त एक ठिपका त्यांच्याच्याने देववत नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या जहाजाचा होता.

हे खूळ घरातही शिरलं. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, टिकल्यांची पाकिटं भराभर संपू लागली. ज्या चौकटीला माझं डोकं आपटलं तिथे टिकली, न्हाणीत पाय घसरला तिथे टिकली, दूध उतू गेलं त्या शेगडीला टिकली. काकू म्हणतात, "जगाची जहाजं संभाळत्यात, पर दूध हाय तिथंच उतू जातंय." शेगडीला आता चार टिकल्या आहेत.

मग कालव्याच्या वळणावर दोन मोटरसायकली घसरल्या. अण्णांनी तिथल्या दगडावर तांबड्या रंगाचा थाळीएवढा ठिपका काढला. आठ दिवसांत त्याच्यापुढे नारळ फुटला, पंधराव्या दिवशी झेंडूची माळ आली. अण्णा भडकले. "अहो, ती माहिती हाय, देव न्हाई," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. पण आता तिथे जो तो गाडी हळू करून हात जोडतो, आणि तेव्हापासून कुणी पडलेलं नाही. परवा अण्णाच एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, "लई कडक हाय, जरा दमानं घे."

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. त्यांचा राहिलेला ठिपका जिथे पडायचा, तो समुद्राचा पट्टाच कंपनीकडून कामाला आला होता. तरुणपणी, सकाळच्या धुक्यात, अण्णा पहाऱ्यावर असताना जहाजाला काहीतरी लागलं होतं. कप्तान म्हणाला, ओंडका असेल, तसंच लिही. अण्णांनी रोजनाम्यात 'ओंडका' लिहिलं आणि जहाज थांबलं नाही.

स्क्रीनवर त्या ठिपक्याचा अर्ज भरलेला होता. 'कशाला धडक' हा रकाना तेवढा रिकामा होता.

"ओंडकाच लिहा," मी म्हणालो. "जुन्या नोंदीशी जुळतं. चौकशी नको, भानगड नको." हयातभर मी ह्याच शहाणपणावर नोकरी काढली.

"ओंडका वाहून जातो, भाऊसाहेब. त्याला ठिपका मिळत न्हाई. होडी म्हनलं तरच मिळतो, तिथं कोळ्यांची ये-जा हाय असं कळतं म्हनून. मंग पुढली जहाजं तिथं हळू जात्याल."

"पण तुमच्या नावावर बालंट येईल त्याचं काय? आणि होडीच होती कशावरून? तुम्ही पाहिली?"

"धुकं हुतं. दिसलं काय न्हाई."

"मग झालं तर."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वरडलं हुतं कुनीतरी," ते म्हणाले. "ओंडका वरडत न्हाई."

इतकी वर्षं ह्या माणसाला मी हसत होतो.

त्यांनी चष्मा चढवला, 'होडी' लिहिलं, आणि पहाऱ्यावर कोण होतं त्या रकान्यात स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट, पुरतं लिहिलं. पाठवायचं बटण मात्र त्यांच्याच्याने दाबवेना. ते मी दाबलं.