चिमाबाई मुदपाकवालींनी डोंगरचे पाणी शहरी आणिले त्याची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न. ज्या राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही त्या राज्यी, शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सरी, डोंगरचे पाणी शहरास कैसे आले हे ज्यास ऐकावयाचे त्याने स्वस्थ बसावे आणि मध्ये विचारू नये. लेखक वृद्ध आहे, सूत्र तुटले तर पुन्हा सापडत नाही.

त्या साली शहरच्या विहिरी आटल्या आणि ज्या राहिल्या त्या मचूळ जाहल्या. डोंगरी झरा बारमाही, अंतर तीन कोस. भाजल्या मातीचे नळ चरात पुरून ते पाणी आणावे ऐसा मनसुबा तीन वर्षे चालला होता आणि कामावर पागेचे सरदार हैबतराव होते. सरदार शूर, यात संशय नाही. काम घोड्यावरून पाहात आणि घोड्यावरूनच परत येत. त्या दरबारी रिवाज ऐसा, की चांगली बातमी आणील त्यास महाराजांनी आपले हाते विडा द्यावा आणि वाईट आणील त्याने तिसऱ्या प्रहरापर्यंत उन्हात उभे राहावे. मग उन्हात कोण मरतो? कुंभार म्हणे नळ तयार, पाथरवट म्हणे चर तयार, हैबतराव म्हणत काम पंधरा आणे जाहले, आणि दरबारचा लेखक तैसेच लिही. पहिल्या वर्षी पंधरा आणे, दुसऱ्या वर्षी पंधरा आणे, आणि तिसऱ्या वर्षीही पंधराच. पाणी डोंगरीच राहिले.

मग महाराजांची मर्जी फिरली आणि आज्ञा जाहली, की पाडव्यास शहराच्या हौदात पाणी न पडे तर राजधानी आठ कोसांवर नदीकाठी न्यावी. हे ऐकोन कोष्टीआळीत रडारड जाहली, कारण कोष्ट्यांचे माग जमिनीतील खड्ड्यांत; पेटी गाडीत घालता येते, खड्डा कैसा घालावा? तेव्हा राजमाता बोलिल्या, की चाळीस चुली पेटवून पाचशे पानांवर ऊन भात एके वेळी वाढणारे माणूस घरात असता बाहेर कशास शोधता? ते माणूस म्हणजे मुदपाकखान्याच्या मुख्य, चिमाबाई. वय पंचेचाळीस, लिहिणे बेताचे, आवाज हळू. दरबार हसला आणि हैबतराव बोलिले, की आता नळातून आमटी येईल. महाराजांनी काम बाईंकडे सोपविले. बाईही हसल्या आणि दुसरे दिवशी पायी डोंगरास गेल्या.

तीन दिवस बाईंनी कोणास आज्ञा केली नाही, नुसते विचारीत हिंडल्या, की तुझे काम कोणावाचून अडते आणि तुजवाचून कोणाचे अडते. तो कळले, की चर खणला डोंगराकडे आणि नळ रचले शहराकडे, आणि दोहींत दीड कोसाचे बाभळीचे रान. मग डाळ आधी, भात शेवटी, त्या न्यायाने कामांचा क्रम लाविला आणि रोज सकाळी चिंचेखाली सर्वांस बसवून सांगितले, की जो पहिली वाईट बातमी देईल त्यास विडा. दोन दिवस कोणी तोंड उघडीना. तिसरे दिवशी एक पाथरवट भीत भीत बोलिला, की खाली कातळ लागला, पंधरा दिवस जास्त लागतील. बाईंनी त्यास विडा दिला आणि दहा माणसे दिली. मग वाईट बातम्यांस भरती आली आणि काम चालू लागले. त्यातील जी बातमी महाराजांस सांगणे अवश्य, ती बाई स्वतः दरबारी सांगत, कामकऱ्याचे नाव घेत नसत, आणि डोईवर पदर घेऊन उन्हात उभ्या राहात. ऐसे पाच वेळा जाहले. लेखकाने सदरेच्या सावलीतून पाहिले आहे.

मध्येच महाराजांस हौस जाहली, की बागेत सिंहमुखी कारंजे व्हावे, तेही याच नळावर. हैबतराव "उत्तम, उत्तम" बोलिले. बाई म्हणाल्या, पाने मांडल्यावर पाहुणे वाढले तर निभावू, पदार्थ वाढविला तर पंगत उठत नाही. आधी पोटोबा, मग विठोबा. महाराज रुसले, पण कारंजे राहून गेले.

मग फाल्गुनात, होळीचे दिवशी सकाळी, पाणी सोडून पाहिले, तो अर्ध्या वाटेवर दोनशे नळ एका ओळीने तडकले. रखमाजी कुंभार, ज्याचे हातचे ते नळ, चिंचेखाली येऊन मान खाली घालोन उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी. मला काढा." माघ मासी त्याने कच्चे नळ आठ दिवस सावलीत वाळवावे म्हटले होते, आणि बाईंनी चुलीच्या सवयीने, उन्हात घाला आणि जाळ वाढवा, ऐसे सांगितले होते, आणि तो "जी" म्हणाला होता. बाई म्हणाल्या, "मातीतले तुम्हाला कळत होते, घाई मी केली. आता किती दिवस लागतील ते सांगा, आणि मला बरे वाटावे म्हणून कमी सांगू नका."

तेच दिवशी दरबारी गेल्या. बाहेर राजधानी हलवावयाच्या गाड्या जुंपून तयार होत्या. महाराजांनी विचारिले, पंधरा आणे जाहले ना? बाई म्हणाल्या, अकरा, आणि चूक माझी. सर्व सांगितले, काही झाकिले नाही, आणि अक्षय तृतीयेपर्यंत मुदत मागितली. महाराज संतापून बोलिले, "तीन वर्षे मुदतीच ऐकतो आहे. तुमच्या शब्दावर विश्वास कशासाठी ठेवावा?"

बाई म्हणाल्या, "महाराज, पाच वेळा वाईट सांगितले आणि पाचही वेळा खरे निघाले. आज सहावे. आता एकच चांगले सांगते, तेही त्याच तोंडचे आहे. तृतीयेस पाणी येईल."

बाई सवयीने उन्हाकडे वळल्या, तो महाराजांनी हाक मारिली आणि आपले हाते विडा दिला, आणि गाड्यांचे बैल सोडावयास सांगितले. वाईट बातमीस विडा त्या गादीने प्रथमच दिला. हैबतरावांनी दुसरे दिवशी पागेतील पन्नास माणसे नळ वाहावयास धाडिली, हेही लिहिले पाहिजे. माणूस वाईट नव्हते.

शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सरी, अक्षय तृतीयेस, दोन घटका दिवस चढता हौदात पाणी पडले. आधी गढूळ, मग निवळ. पहिला घडा रखमाजीने भरून कोष्टीआळीत दान दिला. बाई समारंभास नव्हत्या. शेवटल्या सांध्यापाशी बसून गळती पाहात होत्या.

येणेप्रमाणे हकीकत. शूर पुष्कळ पाहिले, पण ज्याचेपाशी हाताखालचा माणूस निर्भयपणे वाईट सांगतो आणि जो तेच वरती निर्भयपणे सांगतो, ऐसे माणूस एकच पाहिले. हे मी सांगावे, कारण तीन वर्षे पंधरा आणे लिहिणारा हात हाच. पाणी न पाहता लिहीत होतो. त्या तृतीयेस हौदावर गेलो, ओंजळ भरून प्यालो, आणि घरी येऊन सोळा आणे लिहिले.