सालूबाबांची तबकडी

कुंभिवलीच्या मिशन दवाखान्यातल्या फादर साल्वातोरेंना, म्हणजे गावाच्या सालूबाबांना, अमेरिकेतून बहिणीचं पार्सल आलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, आई गेली. सोबत गाण्याची एक तबकडी. न्यूयॉर्कच्या ज्या इटालियन गल्लीत फादर वाढले, तिथल्याच एका खाटकाचा पोर पुढे मोठा गवई झाला. रविवारी टोमॅटोचा रस्सा आटवताना आई रेडिओवर त्याचंच एक गाणं ऐकायची; तेच या तबकडीवर होतं. ते एकदा ऐकायचं आणि मग पोटभर रडायचं, एवढीच फादरची मागणी होती. पण माणसानं साधं मागितलं की नशीब जास्तच अंगावर येतं.

"बाबा, तबकडी वाकडी हाय," लाउडस्पीकरवाला हिरामण म्हणाला. गावात वाजवायचं मशीन त्याच्या एकट्याकडे. "सुई उड्या मारंल. उन्हात ठेवा, वर वजन ठेवा. माझ्या समद्या मी आशाच सरळ करतो."

त्याच्या तबकड्या लाखेच्या, ही प्लॅस्टिकची, हे त्याला कोण सांगणार? फादरना इंजेक्शनच्या सुईपलीकडची सुई ठाऊक नव्हती. त्यांनी तबकडी मुकाट्यानं स्वयंपाकाच्या पुतळाबाईकडे दिली.

पुतळाबाईनं वजन म्हणून मसाल्याचा पाटा ठेवला. सपाट बाजू खाली हवी, म्हणून पालथा. त्याला आदल्याच दिवशी छिन्नीनं टाकी लावून खडबडीत करून घेतलेलं, आणि ऊन एप्रिलचं. संध्याकाळी पाटा उचलला तर टाकीचे सगळे घाव तबकडीवर उमटलेले. तिच्यावर आता चटणी वाटता आली असती.

"सरळ मातर झाली," पुतळाबाई हळूच म्हणाली.

हिरामणनं दवाखान्याच्या कौलांवर भोंगा बांधला, मशीन लावलं. खरखर झाली, एका पुरुषाचा अर्धा श्वास ऐकू आला आणि सुई मोडली.

फादर बाकावर बसले. आई आत्ता मेली, असं त्यांना वाटलं.

पुतळाबाईला ते बघवेना. "बाबा, तुमाला येत आसंल की. तुमीच म्हना."

हिरामणनं माईक पुढे केला. फादरनी डोळे मिटले. पहिली ओळ आली. दुसरी येईना. इथं आल्यापासून बावीस वर्षं ते गाणं कानावर नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि या खेपेला तोंडून भलतंच निघालं, तेही मराठीत.

"बाबा, हे आमच्या भीमजयंतीचं," पुतळाबाई म्हणाली. "हिरामण दरसाल लावतो ते."

"ठाव हाय मला," फादर म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच आलं. "पुतळाबाय, आयचं गानं गेलं. एक ओळ ऱ्हायली."

भोंगा मात्र चालूच होता. घटकाभरात बौद्धवाडीतली माणसं पांढरे कपडे चढवून दवाखान्यापुढे हजर.

"जयंतीला अजून चार दिस हायेत," वाडीतले म्हातारे धर्माजी म्हणाले. "आज कशाचा कारेक्रम?"

"बाबांची आय वारली," पुतळाबाई म्हणाली.

धर्माजींनी टोपी काढली आणि ते मातीतच बसले. त्यांच्यामागं बायका बसल्या, पोरं बसली. सगळी फादरकडे बघत राहिली.

फादरनी माईक जवळ ओढला आणि जयंतीच्या गाण्याचं पुढचं कडवं म्हणायला घेतलं. ते त्यांना सगळं पाठ होतं.