भिंतीपलीकडे पळालेला बांबू

झाडांमधलं मला कळतं, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या आर्णीच्या कॉलनीत कुणाच्या कढीपत्त्यावर कीड पडली तरी लोक मलाच विचारतात. निदान मी तिथे उभा असलो तर विचारतात. त्यामुळे पांढरकवड्याचा नर्सरीवाला देवीलाल मला बांबू शिकवायला लागला, तेव्हा हसूच आलं.

"साहेब, हा पळता बांबू हाय. जमिनीखालून भिंत पार करते. सिमेंटच्या टाक्यात लावा."

आता आमच्या जिल्ह्यात जंगलात जा, नाहीतर कुणाच्या बांधावर, बांबू म्हणजे एका जागी ठाण मांडून बसलेलं बेट. तो पळतो कुठे? रोपाला दोरीसारखी लांब, गाठीगाठींची मुळी होती. ती पाहून मी म्हणालो, "मूळ बघ किती जोरदार आहे." आणि घरी येऊन भिंतीला खेटूनच लावला.

भिंतीपलीकडे बेबीताईंचं अंगण. उन्हाळ्यात गल्लीत पाणी फक्त त्यांच्याच बोअरला. भिंतीखालून काढलेल्या प्लास्टिकच्या नळीने त्या आम्हालाही देतात, तेही हसतमुखाने. आमची आंघोळ, चहा आणि बायकोचा, म्हणजे कुंदाचा मूड, सगळं त्याच नळीतून येतं.

बांबू बरेच दिवस निवांत होता. होळीनंतर त्याचा कोंब निघाला, पण आमच्या वाफ्यात नाही. बेबीताईंच्या जास्वंदीखाली!

कुंदा भिंतीवरून वाकून म्हणाली, "अहो, हा त्यांच्या बोअरकडे चालला ना?"

"चालला असं नाही. त्या दिशेला आहे."

"त्यांनी पाणी बंद केलं, तर मी चालली महागावला, माहेरी. तुम्ही बसा बांबू चोखत."

मी पूजेला जास्वंद तोडायच्या निमित्ताने गेलो आणि कोंब चपलेखाली मोडला. त्याच्या शेजारी दोन आले. मग रोजच जाऊ लागलो.

"भाऊजी, देवाचं लय करून राह्यले आजकाल," बेबीताई ओट्यावरून म्हणाल्या.

मी कसनुसा हसलो. त्याच आठवड्यात नळीची धार बारीक झाली.

"कळलं त्यांना," कुंदा म्हणाली. "थोडा थोडा नळीचा वॉल फिरवून राह्यल्या."

तिने पुरणपोळ्या पाठवल्या. धार करंगळीएवढी झाली. भरली वांगी पाठवली, तर नुसते थेंब. बेबीताई डबा परत देताना गोड हसायच्या, आणि मला त्या हसण्याची आता भीती वाटू लागली होती. एका सकाळी थेंबही येईना. कुंदाने कपाटावरची बॅग खाली काढली.

मी तसाच बनियनवर पलीकडे गेलो. बेबीताई गहू निवडत होत्या, त्यांचे यजमान सदाशिवराव पेपर वाचत होते.

"बेबीताई, माफ करा. तो बांबू माझा आहे."

"कोणता बांबू?"

इथे थांबायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. देवीलाल, कोंब, चपला, बोअर, सगळं ओकलो. वर म्हणालो, "तुम्ही वॉल बंद केला ते बरोबरच केलं."

"मी कायले बंद करीन? वॉल तर पुरा उघडा हाय. मले वाटलं, तुमची टाकी भरली असन."

सदाशिवरावांनी पेपर ठेवला आणि सब्बल, म्हणजे पहार आणली. भिंतीपाशी माती उकरली. भिंतीखाली नळीसाठी पाडलेल्या भोकातून माझी ती जोरदार मुळी घुसली होती, आणि नळी तिच्याखाली चेपून पापड झाली होती. आम्ही तिघं बघत राहिलो.

मग बेबीताई पदर खोचून उठल्या.

"बरं झालं सांगतलं, भाऊजी. आता हा मुळासकट निघाल्याबिगर पाणी नाही."

आणि आजवर कधीच न फिरवलेला तो वॉल त्यांनी गच्च आवळला.