मागच्या आसाचा मूळ रेशो

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी कंग्राळीच्या मारुतीरावांनी बेळगाव कँपातल्या विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी लॉरी विकत घेतली. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. लॉरी चालत होती, फक्त चालताना मागून कण्हत होती.

खरे तर मारुतीराव बैलगाडीवर सुखी होते. पण नागुबाईचे माहेर जांबोटीच्या वर डोंगरातल्या एका वाडीवर. तिथे प्रत्येक कार्याला तिची थोरली बहीण अक्काताई नवऱ्याच्या टांग्यातून उतरायची आणि नागुबाई मागून बैलगाडीतून, केसात कडबा घेऊन. आता धाकटीचे लग्न ठरले होते. "एकदा तरी मला दारात मोटारीतनं उतरवा," एवढेच ती म्हणाली होती. मारुतीरावांनी शब्द दिला. (शब्द द्यायला पेट्रोल लागत नाही.)

बेळगावात मोटारीचे सामान विकणाऱ्या सुबरावांनी लॉरीखाली डोकावून निदान केले. मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी झिजली होती, मुंबईहून नवी मागवावी लागणार होती.

"रेशो काय तुमचा?" सुबरावांनी विचारले.

"आमचा? आमी मराठे."

"लॉरीचा हो! चाक एकदा फिरलं की इंजिनाकडचा लांब दांडा किती वेळा फिरतो, तो रेशो. कंपनीनं घाटासाठी साडेसहाची जोडी दिल्या, सपाटीसाठी पाचाची. मूळची कुठली ते बघून सांगा की. दोन्ही मागची चाकं उचला, एक कुणीतरी गच्च धरा, दुसरं दोनदा फिरवा, म्हंजे दोन्ही एकेकदा फिरल्यागत, आणि दांड्याचे फेरे मोजा. न धरल्यास ते उलटं फिरतंय बघा."

मारुतीरावांनी मान डोलावली. पुढे बरेच काही बिघडले ते या मान डोलावण्यापासून.

दुसऱ्या दिवशी अंगणात लॉरीचे मागचे धूड दगडांवर चढले. चाकाला आणि दांड्याला खडूच्या खुणा झाल्या. मारुतीराव खाली उताणे झोपले आणि पलीकडच्या चाकापाशी नागुबाईला लक्ष ठेवायला बसवले. त्यांनी अलीकडचे चाक पुढे ढकलले. दांडा ढिम्म. पलीकडचे चाक मात्र मागे फिरू लागले.

"उलटं का फिरवतीस गं?"

"मी हातबी लावला न्हाय."

"लगीन झाल्यापासनं बघतोय, मी पुढं म्हटलं की तू मागं!"

"अवं, ते आपसूक फिरतंय!"

"आपसूक बायको फिरती, चाक न्हाय!"

एवढे बोलून झाल्यावर त्यांना सुबरावांचे 'गच्च धरा' आठवले. चूक कबूल करायची तर लॉरीखालून बाहेर यावे लागले असते, म्हणून ते खालूनच म्हणाले, "बरं, आता गच्च धर."

नागुबाईने धरले. चाक फिरू लागले, दांडाही फिरू लागला. एक, दोन, तीन... तेवढ्यात मारुतीरावांना लॉरीखालून आप्पांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वहाणा अंगणातून जाताना दिसल्या. आप्पा खाकरले. नागुबाईचे पाय झटकन उभे राहिले आणि थोड्या वेळाने पुन्हा बसले. मारुतीरावांनी मोजणी सोडली नाही. एकाग्रतेचा त्यांना अभिमान होता.

"पाच! बरोब्बर पाच!"

"अवं, पर मधी आप्पा..."

"आप्पांस्नी काय कळतंय त्यातलं!"

मुंबईहून पाचाची जोडी आली, बसली आणि लॉरीचे कण्हणे थांबले. सपाटीवर ती अशी पळाली की मारुतीरावांनी दोन ठिकाणी विनाकारण हॉर्न वाजवला. पुढे नवऱ्याशेजारी बसणे बरे दिसेना म्हणून हौद्यात नवे लुगडे नेसून, लाडवांची बुट्टी मांडीवर घेऊन नागुबाई बसली होती. वाडीच्या चढाला लागताच लॉरी हळू झाली, धापा टाकू लागली आणि थांबली. मागून टांग्याचे घुंगरू ऐकू येत होते.

मारुतीराव उतरून हौद्यापाशी आले. "नागू, त्या दिशी चाक गच्च धरलं हुतंस न्हवं?"

"धरलं हुतं की. आप्पा आलं तवा तेवढं सोडलं."

"का?"

"आता मोठी मानसं समोर आल्यावर उठायचं न्हाय? पदर घ्यायचा न्हाय?"

म्हणजे तेवढा वेळ चाक फिरले तरी दांडा फिरलाच नव्हता; मूळची जोडी साडेसहाची, घाटाची होती. खाली वळणावर अक्काताईचा टांगा दिसू लागला. नागुबाईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते पाहून मारुतीरावांना स्वतःची मनापासून चीड आली. मग लॉरी घेताना साहेबाच्या ड्रायव्हरने सांगितलेले एक वाक्य आठवले. लॉरीत सगळ्यात जास्त जोर मागे जायच्या गिअरमध्ये असतो.

त्यांनी लॉरी वळवली आणि ती चढावर पाठमोरी निघाली. हौद्यातून नागुबाई ओरडत होती, "डावीकडं घ्या! म्हस हाय! आता सरळ!" वाडीवर कुणी मोटार पाहिलीच नव्हती. मोटारीचे तोंड हेच, असे समजून लोकांनी हौद्यालाच आरती ओवाळली. सगळ्यांत आधी दारात नागुबाई पोचली. मारुतीराव लॉरीच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना पाणी द्यायचे कुणाला सुचले नाही. टांगा मागून आला. अक्काताईच्या नवऱ्याने रिवाज समजून घोडाही पाठमोरा घालून पाहिला. घोडा तयार झाला नाही.

लग्न लागले, मांडव उतरला. निघताना उतारच होता. मारुतीरावांनी लॉरी सरळ पुढे घातली, तोच नागुबाईचा म्हातारा चुलता काठी उगारत आडवा आला.

"पावनं, थांबा! मोटार उलटी निघाली की!"

मारुतीरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिले, की आता तरी खरे काय ते सांगेल. नागुबाई झटकन उठून उभी राहिली होती. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि हळूच म्हणाली, "अवं, मोठी मानसं सांगत्यात."

कंग्राळीच्या मारुतीरावांनी गिअर बदलला आणि वाडी दिसेनाशी होईपर्यंत लॉरी उलटीच नेली.